गाणाऱ्यांचीं नांवें वहींत चढवा
(हट्टा, तालुका वसमत, येथील गांवकरी मंडळींपुढें केलेलें भाषण)

आपल्या भागांतील लेखक, शाहीर व गाणारे-वाजविणारे यांचें स्मरण करण्यासाठीं आपण येथें जमलों आहों. अशा प्रसंगीं फोटोला हार घालावा, चार शब्द गोड बोलावे, चहा घ्यावा आणि घरीं जावें, असा आपल्याकडे रिवाज पडून गेला आहे. हार घालण्यास माझी हरकत नाहीं. पण हार घालावयास फोटो तर पाहिजे! आपल्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान् पिढ्या ज्यांनीं गाइलें, वाजविलें, रचलें, त्यांपैकीं बहुतेकांचा फोटो नाहीं. आणि फोटो राहूं द्या, त्यांचें नांवसुद्धां कोठें लिहिलेलें नाहीं. म्हणून आज मी एकच गोष्ट आपणांपुढें मांडणार आहें. जें लिहिलें गेलें तें राहिलें. जें लिहिलें गेलें नाहीं तें गाणाऱ्याबरोबर मातींत गेलें. आणि आतां लिहिणें न लिहिणें हें सर्वस्वीं आपल्या हातांत आहे.

आपल्या घरापासूनच सुरुवात करूं. आपल्या या हिंगोली जिल्ह्यांत नरसी हें गांव आहे. नामदेव महाराज त्याच गांवचे, असें परंपरा सांगते, आणि त्या गांवानेंही त्यांचें नांव आपल्या नांवास जोडून घेतलें आहे. जन्म १२७० चा, जात शिंप्याची. त्यांस गुरु विसोबा खेचर भेटले तें औंढा नागनाथाचें देऊळही याच जिल्ह्यांत आहे, असें सांगतात. हा शिंपी पंढरपुरास राहिला, तेथून पुढें पंजाबांत गेला, आणि आज शीख बांधवांच्या गुरु ग्रंथसाहेबांत त्याचीं एकसष्ट पदें आहेत. पंजाबांत गुरदासपूर जिल्ह्यांत घुमान म्हणून गांव आहे. तेथें नामदेवांचें मोठें स्थान आहे, व २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानास भरलें. एका शिंप्याचा शब्द केवढा प्रवास करूं शकतो तें यावरून पाहावें.

पण नामदेवांची याहून मोठी कामगिरी ती ही कीं, ते एकटे गाइले नाहींत. त्यांच्या काळीं तेरचा गोरा कुंभार गाऊं लागला, अरणचा सांवता माळी गाऊं लागला, नरहरि सोनार, सेना न्हावी, चोखोबा महार हे सर्व गाऊं लागले. परभणी जिल्ह्यांतील गंगाखेडची जनाबाई तर घरकाम करणारी बाई. दळतां-कांडतां तिनें अभंग रचले. चोखोबांच्या घरांत पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मुलगा कर्ममेळा हे सारे अभंग रचीत होते. ज्या घराला गांवानें वेशीबाहेर ठेविलें त्या एका घरांत चार कवि! माझ्या शेतकरी व कारागीर बंधूंनो, मराठी कवितेचा पाया कोणीं घातला असें कोणी विचारलें तर मान खालीं घालूं नका. जात्यापाशीं, मळ्यांत, आव्यापाशीं आणि महारवाड्यांत हा पाया घातला गेला आहे.

आतां एक गोष्ट ध्यानांत घ्या. चोखोबा १३३८ सालीं मंगळवेढ्यास वेशीची भिंत बांधतांना ती अंगावर कोसळून वारले, असें सांगतात. त्यांची समाधि पंढरपुरास देवळाच्या महाद्वारापुढें बांधली गेली, पण त्यांच्या जातीच्या लोकांस देवळाचें दार बंदच राहिलें. तें उघडलें मे १९४७ मध्यें, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे सहाशें वर्षे आपण ज्याचे अभंग गाइले त्याच्या भावकीला आपण बाहेर उभें केलें! अभंग आंत, माणूस बाहेर. हा जो आपला जुना व्यवहार आहे त्याचें नांव सन्मान नव्हे. आज आपण कोणाचें स्मरण करतों तें करतांना हा व्यवहार अजून आपल्या गांवांत शिल्लक आहे कीं काय, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं विचारावें.

आणि चोखोबांचे अभंग तरी राहिले कसे? त्या काळीं छापखाना नव्हता. परंपरा सांगते कीं, अनंतभट्ट नांवाच्या एका माणसानें ते उतरून घेतले. जन्मानें तो कोणीही असो. त्यानें ऐकलें आणि लिहिलें, म्हणून आज आपल्याजवळ चोखोबा आहेत. गाणारा एक व लिहिणारा दुसरा, अशी दोघांची जोडी जमली कीं शब्द टिकतो. ज्या वस्तींत गाणारे शंभर होते पण लिहिणारा एकही नव्हता, त्या वस्तींतले चोखोबा आज कोठें आहेत?

पुढें जोतीराव फुल्यांनीं हें मर्म ओळखलें. गाणाऱ्यांच्या मुलांनाच लेखणी द्यावयाची, म्हणजे दुसऱ्याची वाट पाहावी लागणार नाहीं. त्यांच्या शाळेंत शिकलेली मुक्ता नांवाची मांग समाजांतली मुलगी. तिनें महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला व तो १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. तेव्हां ती अवघी चौदा वर्षांची होती. तो निबंध छापला नसता तर आज तिचें नांव कोणास ठाऊक झालें असतें? त्याच्या आदल्या वर्षीं, १८५४ सालीं, सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह निघाला. खुद्द जोतीरावांनीं १८६९ सालीं शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला. १८७३ सालीं सत्यशोधक समाज निघाला, १८७७ सालीं कृष्णराव भालेकरांनीं ‘दीनबंधु’ पत्र काढलें, आणि मग सत्यशोधकांचे जलसे गांवोगांव फिरूं लागले. ढोलकी तीच, तुणतुणें तेंच, सोंगाड्याही तोच. पण मजकूर सावकारीचा, लग्नांतल्या कर्जाचा, पोरांना शाळेंत घालण्याचा. ज्याला वाचतां येत नव्हतें त्याच्या कानांत वर्तमानपत्र घालण्याची ही युक्ति होती. पुढें भीमराव कर्डक व त्यांचे सोबती यांनीं आंबेडकरी जलसे काढून हेंच काम आणखी पुढें नेलें.

आपला मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो तेथेंच राहिला. कचेरीची भाषा उर्दू. हैदराबादेस १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें, त्याचें शिक्षणही उर्दूंतून. खेड्यांतल्या कुणब्याच्या पोरानें मराठी अक्षर शिकावें तरी कोठें? मग त्याची शाळा कोणती? रात्रीचें भजन, गोंधळ्यांचें आख्यान, वासुदेवाची पहाटेची फेरी, एकनाथांचीं भारुडें, मोटेवरचें गाणें, कापणीची भलरी. आपल्या आजा-पणजांनीं रामायण-महाभारत वाचलें नव्हतें, पण तें त्यांस येत होतें. कोणी शिकविलें? ज्यांना आपण मागतकरी म्हणून दाराबाहेर सूपभर जोंधळे घालून वाटेस लावीत होतों त्यांनीं शिकविलें. गोंधळी रात्रभर संबळ वाजवून, दिवटी पेटती ठेवून कथा सांगत होता, आणि तोच आपला मास्तर होता. परभणीच्या राजाराम कदमांना लोक गोंधळमहर्षि म्हणत, तें उगीच नव्हे.

आतां बायकांकडे वळूं. पुरुषांच्या गाण्याला निदान रात्रीची मैफल होती; बाईच्या गाण्याला पहाटेचा अंधार आणि जातें. माहेर, भाऊ, लेक, पाऊस, सासुरवास, विठोबा, सावकार, सगळें तिनें ओवींत घातलें. जातें थांबलें कीं ओवी थांबे. मग गिरणी आली, बाईचे हात सुटले, तें फार चांगलें झालें. जातें परत आणा असें कोणी म्हणूं नये. पण जात्याबरोबर ओवीही मुकी झाली. साने गुरुजींनीं हें वेळीं ओळखलें व ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ हें पुस्तक केलें. पुढें हेमा राईरकर व गी पॉतवँ यांनीं आणि त्यांच्या सोबत्यांनीं महाराष्ट्रांतील एक हजारांहून अधिक गांवें धुंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बाईच्या नांवागांवासह. बीड जिल्ह्यांत माजलगांवच्या भीमनगरांतील बायांनीं बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या त्यांतच सांपडतात. पाहा, जुन्या जात्यावर बाईनें नवा विचार दळला! आज आपल्या गांवांतही सत्तरी ओलांडलेल्या ज्या आयाबाया आहेत, त्यांच्या तोंडांत किती ओव्या असतील याचा हिशेब कोणीं केला आहे? त्यांच्या सुनांनीं? नातींनीं? एक म्हातारी गेली म्हणजे तिच्याबरोबर एक पोथी जळते, आणि आपण फक्त राख सावडतों.

कारागीर बंधूंसाठीं एक गोष्ट मुद्दाम सांगतों. मोठ्या गवयांचीं नांवें सर्वांना ठाऊक असतात. अब्दुल करीम खां मिरजेस राहत, मोठे गवई. पण त्या मिरजेस तंबोरे व सतारी होऊं लागल्या त्या कोणाच्या हातून? शिकलगारांच्या. तलवारी, भाले घांसून धार लावणारे हे लोक. राजेरजवाड्यांच्या लढाया संपल्या तसा धंदा बसला, तेव्हां फरीदसाहेब नांवाच्या कारागिरानें वाद्यें करण्यास आरंभ केला, आणि तें घराणें सतारमेकर म्हणून नांवाजलें. तंबोऱ्याला जो भोपळा लागतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतकरी पिकवितो. म्हणजे शेतकऱ्याचा भोपळा, सुताराचें लांकूड, शिकलगाराचा हात, आणि त्यावर गवयाचा सूर! मैफलींत टाळी मात्र एकट्याला. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे मिरजेचा माल म्हणून त्याचें नांव कायद्यानें राखलें गेलें. हळदीचें मोल आपण वसमतकर जाणतों. तसें हाताच्या कसबाचेंही मोल जाणलें पाहिजे. हलगीची कडी कोणीं केली, तिच्यावर कातडें कोणीं मढविलें, मृदंगाला शाई कोणीं भरली, हेंही आपल्या वारशांतच येतें.

आतां हलगीचें नांव निघालें आहे तर जो प्रश्न आपण नेहमीं टाळतों तो टाळून चालणार नाहीं. कांहीं मंडळी म्हणतात, “हल्लीं गांवांत हलगी वाजविणारा मिळत नाहीं, पोरें शिकलीं आणि मस्तवाल झालीं, कला बुडाली!” या मंडळींना मी विचारतों, ती हलगी तो वाजवीत होता कीं तुम्ही त्याच्याकडून वाजवून घेत होतां? पोळ्याला वाजीव, लग्नाला वाजीव, मढ्यापुढें वाजीव. मोबदला काय, तर उरलेलें अन्न आणि वर शिवी. वाजवावयास नाहीं आला तर बलुतें बंद. पंगत उठेपर्यंत त्यानें उकिरड्याकडेला बसावें. बाबासाहेबांनीं गांवकीचीं हीं हीन कामें सोडण्याचा उपदेश केला, तेव्हां पुष्कळांनीं हलगी, सनई खालीं ठेवली. त्यांनीं कला सोडली नाहीं, गुलामगिरी सोडली. दोन्ही एकाच वाद्याला बांधलेल्या होत्या, म्हणून वाद्यही सुटलें. याचा दोष वाजविणाऱ्याच्या माथीं मारूं नका.

मग काय करावें? हलगी मरूं द्यावी? मुळींच नाहीं. वाद्याला जात नसते. कातडें तापविल्यावर जो ताल निघतो तो शिकणाऱ्या कोणाच्याही हातून निघतो. पाटलाच्या पोरानें हलगी शिकावी, कुणब्याच्या पोरीनें संबळ शिकावा. शिकविणारा कोण? ज्याच्या घरांत ती विद्या आहे तो. त्याला उस्ताद म्हणा, पुढें बसवा, शिकविण्याचे पैसे द्या. त्याचा स्वतःचा मुलगा डॉक्टर होऊं इच्छीत असेल तर त्यास डॉक्टर होऊं द्या, आणि वाजवूं इच्छीत असेल तर खुशीनें वाजवूं द्या. कला राहावी, सक्ती जावी. ज्या वारशासाठीं एखाद्या घराला जन्मभर दारांत उभें राहावें लागतें तो वारसा नव्हे, ती वेठ होय.

मेल्यावर पूजा व जिवंतपणीं उपास, ही आपली दुसरी खोड. अण्णा भाऊ साठे १ ऑगस्ट १९२० रोजीं वाटेगांवास मांगाच्या घरीं जन्मले. शाळा दीड दिवसाची. मुंबईस गिरणीचा धूर खाऊन त्यांनीं कथा, कादंबऱ्या, पोवाडे, वग लिहिले. ‘फकिरा’ कादंबरी १९५९ सालची. ती त्यांनीं बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीस अर्पण केली, आणि राज्य सरकारनें तिला पारितोषिक दिलें. १९५८ सालीं मुंबईस भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचें उद्घाटन त्यांनीं केलें. आणि १९६९ सालीं ते वारले ते दारिद्र्यांत! आज त्यांचे पुतळे चौकाचौकांत आहेत. विठाबाई नारायणगांवकर तमाशाच्या फडावरच्या राणी, राष्ट्रपतींच्या हस्तें गौरविलेल्या. २००२ सालीं त्या वारल्या तेव्हां त्यांचे अखेरचे दिवस हालांतच गेले होते. आज सरकार त्यांच्या नांवानें पुरस्कार देतें. सिन्नर तालुक्यांतील देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणीं अक्षर शिकले, पण पुढें हजारों गीतें रचून गांवोगांव पायीं फिरले. त्यांस निदान लोकांनीं जिवंतपणीं डोक्यावर घेतलें. हें तिन्ही घरांतलें उदाहरण पाहून आपण काय शिकणार? मेल्यावरचा पुतळा स्वस्त पडतो. जिवंत माणसाची बिदागी महाग वाटते.

कोणी म्हणेल, आतां काय राहिलें आपल्या भागांत? राहिलें आहे, पुष्कळ राहिलें आहे. आपल्या वसमत तालुक्यांतलें कुरुंदा हें गांव ज्यांच्या आडनांवांत आहे ते नरहर कुरुंदकर, १९३२ सालीं जन्मले आणि १९८२ सालीं वारले, त्यांच्या विचाराचा दबदबा सबंध महाराष्ट्रांत होता. कळमनुरी तालुक्यांतील रूपूरचे फ. मुं. शिंदे २०१४ सालीं सासवडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आपल्याच वसमत तालुक्यांत शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेले इंद्रजित भालेराव यांनीं ‘पीकपाणी’ पासून पुढें बांधावरची बोली जशीच्या तशी कवितेंत आणली, आणि ती शहरांतल्या लोकांनीं कौतुकानें वाचली. ज्या बोलीला मास्तर अशुद्ध म्हणत, तीच बोली आज पुस्तकांत आहे. तेव्हां आपल्या पोरांनो, आईची भाषा लपवूं नका. वहींत लिहा.

आतां कामाचें बोलतों, कारण नुसत्या भाषणानें पोट भरत नाहीं. म्हाताऱ्या साहित्यिकांना व कलावंतांना दरमहा मानधन देण्याची राज्य सरकारची योजना आहे. हल्लीं तिला राजर्षि शाहू महाराजांचें नांव आहे. पण तेथें अर्ज केला कीं पहिला प्रश्न हा कीं, तुम्ही कलावंत आहां याला पुरावा काय? ज्याचें नांव कधीं पत्रिकेवर छापलें नाहीं, ज्याला कोणीं दाखला दिला नाहीं, ज्याला गांवानें “ए हलगीवाल्या” याखेरीज दुसरी हांक मारली नाहीं, तो पुरावा कोठून आणणार? सबंध आयुष्य त्यानें तुमच्या लेकींचीं लग्नें वाजविलीं, आणि सरकारदरबारीं तो कलावंतच नाहीं! पाहा, नांव न लिहिण्याची किंमत केवढी असते. ही किंमत नेहमीं गरिबालाच भरावी लागते.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत. पहिली, शाळेंत किंवा ग्रामपंचायतींत एक जाड वही घाला. गांवांतील भजनी, शाहीर, गोंधळी, हलगीवाले, सनईवाले, ओव्या येणाऱ्या बाया, वाद्यें करणारे व दुरुस्त करणारे, जिवंत व वारलेले, सर्वांचीं पूर्ण नांवें त्यांत मानानें लिहा, आणि कोणी कोठें गाइलें-वाजविलें तें वर्षासह लिहा. दुसरी, घरोघर मोबाईल आहे. पोरांनीं त्यांत नुसता तमाशा न पाहतां आजीची ओवी भरून घ्यावी, व कोणाची ओवी तें आधीं सांगावें. तिसरी, यात्रा-जयंतीच्या पत्रिकेवर वाजविणाऱ्याचें नांव पुढाऱ्याच्या नांवाइतक्याच ठळक अक्षरांत छापावें, बिदागी आधीं ठरवावी, ती रोख द्यावी, व जेवावयास पंगतींत बसवावें. चवथी, ज्यांना मानधनाचा अर्ज करावयाचा आहे त्यांचा अर्ज शिकलेल्या पोरांनीं लिहून द्यावा आणि कचेरीपर्यंत सोबत जावें. या चारांपैकीं एकालाही मोठी वर्गणी लागत नाहीं. डी.जे.च्या एका रात्रीच्या भाड्यांत या वह्या गाडाभर येतील!

बंधुभगिनींनो, नरसीच्या शिंप्याचा शब्द पंजाबपर्यंत गेला, कारण तो कोणीं तरी गाइला आणि कोणीं तरी लिहिला. आपल्या वस्तींतल्या गाणाऱ्याचा शब्द निदान पुढच्या पिढीपर्यंत तरी जावा. तो नेणारा दुसरा कोणी परगांवाहून येणार नाहीं. ज्यांच्या घरांत ओव्या येणारी आजी आहे त्यांनीं आज रात्रींच तिच्यापाशीं बसावें. वहीचें पहिलें पान तिच्या नांवानें सुरू झालें तर या सभेचें चीज झालें असें मी समजेन.